उताऱ्यावर खाडाखोड करून सातबारा बदलत नाही

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल. स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक माहितीचा मालक एकच असावा. बाकीच्यांनी ती वाचावी, दाखवावी, बदल हवा असेल तर मालकाकडे मागावा. पण तिची नक्कल काढून स्वतःच्या खिशात ठेवू नये. बास, एवढंच! आता एवढ्याशा वाक्यासाठी इतकी लांबलचक पोस्ट कशाला, असं विचाराल. तर हे वाक्य ऐकून माना सगळेच डोलावतात आणि कामाला बसले की हटकून विसरतात, म्हणून.

आणखी एक कारण म्हणजे आमची आत्या. "अगं, तू दिवसभर त्या कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस ते आम्हाला कळेल असं लिही की कधीतरी," असा तिचा फोन येऊन बरेच दिवस झाले. तर आत्या, पुढचे दोन-तीन परिच्छेद खास तुझ्यासाठी. धंद्यातल्या मंडळींनी ते गाळले तरी चालतील.

मोबाईलवर जे पान दिसतं ना, ते एकसंध नसतं. खोक्यात खोका, त्यात आणखी खोका असा प्रकार असतो. रेल्वेचं तिकीट काढतानाचं पान घे. पानात प्रवाशांची यादी, यादीत एकेका प्रवाशाची ओळ, ओळीत नावाची चौकट, वयाची चौकट. यातल्या प्रत्येक तुकड्याला आम्ही कंपोनंट म्हणतो. बाहेरचा तो पॅरेंट, आतला तो चाइल्ड. पूर्वी, म्हणजे २००६ मध्ये जेक्वेरी आलं त्या काळात, आम्ही ब्राउझरला एकेक हुकूम सोडायचो. हा आकडा पूस, तिथे तो लिही, हे बटण राखाडी कर. एखादा हुकूम सोडायचा राहिला की पानावर शिळी माहिती तशीच. आता तसं करत नाहीत. 'माहिती अशी असेल तर पान असं दिसेल' एवढंच लिहून ठेवायचं. माहिती बदलली की पान कुठे नि कसं बदलायचं ते फ्रेमवर्क बघून घेतं. यालाच डिक्लेरेटिव्ह पद्धत म्हणतात. २०१३ मध्ये खुलं झालेलं रिॲक्ट, २०१४ चं व्ह्यू, २०१८ अखेर पहिली पक्की आवृत्ती आलेलं फ्लटर, ॲपलचं २०१९ मधलं स्विफ्टयूआय, अँड्रॉइडचं २०२१ मध्ये स्थिरावलेलं जेटपॅक कंपोज... घराणी वेगळी, गोत्र एकच.

आणि या गोत्रातल्या प्रत्येकाला एक प्रश्न सोडवावाच लागतो. माहिती ठेवायची कोणाकडे, पॅरेंटकडे की चाइल्डकडे? आणि एकाकडची दुसऱ्याला कळणार कशी?

याचं उत्तर आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. जमीन कोणाच्या नावावर, किती, तिच्यात पीक कोणतं हे सातबाऱ्यात असतं. आपल्या हातात येतो तो त्याचा उतारा. समजा आजोबांनंतर वारसांची नावं लावायची आहेत. कोणी शहाणा उताऱ्यावर पेनानं आजोबांचं नाव खोडून स्वतःचं लिहीत नाही. लिहिलं तरी त्या कागदापलीकडे काहीच बदलत नाही. अर्ज द्यावा लागतो. गावात ज्यांना तलाठी म्हणतात ते फेरफार नोंद धरतात, संबंधितांना नोटिसा जातात, हरकत घ्यायला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. त्यानंतर जो कोणी उतारा काढेल त्याला नवी नावं दिसतात. गंमत म्हणजे फेरफाराला महसुली इंग्रजीत म्यूटेशन म्हणतात, आणि आमच्या धंद्यातही माहिती बदलण्याला हाच शब्द आहे!

आता जोड्या लावा. पॅरेंटजवळची माहिती, जिला आम्ही स्टेट म्हणतो, तो सातबारा. पॅरेंट चाइल्डला जे देतो तो प्रॉप, म्हणजे उतारा. चाइल्डनं 'इथे कोणीतरी बदल केलाय हो' असं वर कळवायचं, तो अर्ज. आमच्या भाषेत इव्हेंट किंवा कॉलबॅक. पॅरेंटनं अर्ज तपासून स्टेट बदलायची, तो फेरफार. स्टेट बदलली की खालच्या सगळ्यांना ताजे उतारे आपोआप मिळतात. माहिती वरून खाली येते, मागणी खालून वर जाते. 'प्रॉप्स खाली, इव्हेंट वर' हे आमच्याकडचं घोषवाक्य म्हणजे दुसरं काही नाही. कंपोजवाले यालाच स्टेट होइस्टिंग म्हणतात, रिॲक्टवाले 'लिफ्टिंग स्टेट अप'. ज्या दोन भावंडांना एकच माहिती हवी आहे, त्यांच्यासाठी ती उचलून त्यांच्या सगळ्यात जवळच्या समाईक पूर्वजाकडे ठेवायची.

इथपर्यंत सोपं आहे. मग घोडं पेंड कुठे खातं? तर चाइल्ड उताऱ्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवतो, तिथे.

काही वर्षांपूर्वी आमच्या हाती एक तयार प्रणाली आली होती. रुग्णालयाच्या वॉर्डात टॅबलेटवर चालणारी. आधीच्या कंत्राटदारानं बनवलेली, आमच्याकडे देखभालीला आलेली. डाव्या बाजूला बालरुग्णांची यादी, उजवीकडे निवडलेल्या बाळाचा फॉर्म. नाव, वजन, आणि वजनावरून औषधाचा हिशेब. नव्या आवृत्तीची चाचणी चालू असताना तिथल्या एका सिस्टरांनी सहज यादीतलं दुसरं नाव दाबलं आणि म्हणाल्या, "अहो मॅडम, नाव बदललं पण वजन मघाचंच आहे की." खरंच होतं. वरचं नाव नव्या बाळाचं, आणि खालच्या चौकटीत वजन आधीच्याचं, १८ किलो. नव्या बाळाचं वजन होतं ९. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १३५ च्या जागी २७० मिलिग्रॅम. बरोब्बर दुप्पट! चाचणीतली नावं खोटी होती, वॉर्ड खरा नव्हता, म्हणून निभावलं. त्या सिस्टरांची नजर तयार होती म्हणून निभावलं, असंही म्हणता येईल.

आत काय झालं होतं ते धंद्यातल्यांनी ओळखलंच असेल. नाव थेट प्रॉपमधून दाखवलं होतं, म्हणून ते बदललं. वजनाच्या चौकटीत टाइप करता यावं म्हणून फॉर्मनं ते वजन स्वतःच्या स्टेटमध्ये उतरवून घेतलं होतं. आणि स्टेटची सुरुवातीची किंमत फक्त पहिल्यांदाच वाचली जाते. दुसरं बाळ निवडल्यावर पॅरेंटनं नवा उतारा व्यवस्थित पाठवला. पण फ्रेमवर्कच्या लेखी फॉर्म तोच, त्याच जागेवरचा. मग त्याची जुनी स्टेट जपणं हे तर फ्रेमवर्कचं कर्तव्यच. कोणाच्याही हुकुमात चूक नाही, कुठे लाल अक्षरातला एरर नाही. एकाच पानावर दोन बाळं एकमेकांत मिसळलेली, आणि पान दिसायला झकास!

हा फक्त रिॲक्टचा दोष म्हणून कोणी हात झटकू नयेत. रिॲक्टमध्ये यूजस्टेटला प्रॉप दिला की हे होतं. स्विफ्टयूआयमध्ये स्टेटला बाहेरून आलेली किंमत इनिटमध्ये दिली की हेच होतं. कंपोजमध्ये रिमेंबरला किल्ली न देता किंमत धरून ठेवली की हेच. फ्लटरमध्ये इनिटस्टेटमध्ये विजेटकडून किंमत उचलली आणि डिडअपडेटविजेट लिहायचं राहिलं की पुन्हा हेच. चार कंपन्या-संघांनी चार भाषांत बनवलेल्या चार गोष्टी, आणि खड्डा एकाच जागी. म्हणजे दोष औजाराचा नाही. एका माहितीला दोन मालक झाले की हे व्हायचंच.

यावर लोक जो पहिला इलाज करतात तो मला सगळ्यात नावडता. चाइल्डमध्ये एक पहारेकरी बसवतात. प्रॉप बदलला की झेरॉक्स पुन्हा काढायची. रिॲक्टमध्ये यासाठी यूजइफेक्ट वापरतात. दिसायला प्रश्न सुटतो. पण आधी पान जुन्या वजनासह एकदा रंगतं, मग दुरुस्त होतं. शिवाय सिस्टर नवं वजन टाइप करत असतानाच पॅरेंटकडून त्याच बाळाची ताजी माहिती आली, तर त्यांनी अर्धवट लिहिलेलं पुसलं जातं. मग ते वाचवायला आणखी एक अट, तिच्यावर आणखी एक. दोन मालकांची भांडणं सोडवायला पंच नेमत बसण्यापेक्षा मालक एकच ठेवा ना!

सरळ इलाज दोनच. पहिला, नक्कल काढूच नका. वजन पॅरेंटकडे राहू द्या, चाइल्डला दाखवायला द्या, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्यानं वर कळवावं. दुसरा इलाज, खरोखरच कच्चा खर्डा हवा असेल तेव्हाचा. 'जतन करा' आणि 'रद्द करा' अशी दोन बटणं असली की खर्डा लागतोच, त्याला माझी ना नाही. पण तो खर्डा आहे हे नावातच सांगा. वजन नव्हे, 'सुरुवातीचं वजन' म्हणा. आणि तो कोणाचा खर्डा आहे हे बांधून टाका. रिॲक्टमध्ये फॉर्मला बाळाच्या नोंदणी क्रमांकाची की द्या. बाळ बदललं की जुना फॉर्म खर्ड्यासकट जातो, नवा कोरा येतो. स्विफ्टयूआयमध्ये आयडी, फ्लटर आणि कंपोजमध्येही की आहेच. आम्ही तिथे हेच केलं. बदल एका ओळीचा होता. ती ओळ कुठे लिहायची ते शोधायला लागलेला वेळ सांगत नाही.

जुनी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी टू-वे बाइंडिंग होतं, किती सुखाचं होतं! होतं खरं. अँग्युलरजेएसमध्ये चौकट आणि माहिती एकमेकांना बांधली की इकडे टाइप केलेलं तिकडे आपोआप. पण त्याच अँग्युलरजेएसमध्ये एनजी-इफ किंवा एनजी-रिपीटच्या आत चौकट टाकली की आतल्या स्कोपमध्ये त्याच नावाची दुसरी किंमत गुपचूप तयार व्हायची, आणि बाहेरची जिथल्या तिथे. 'नावात टिंब असलंच पाहिजे' हा तेव्हाचा मंत्र आठवतोय का? त्यामागे हीच न मागितलेली झेरॉक्स होती.

२०१४ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी फ्लक्स ही रचना लोकांपुढे मांडली, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच घरचं उदाहरण दिलं होतं. वर न वाचलेल्या संदेशांचा आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवीन काहीच नाही. दुरुस्त केलं की काही दिवसांनी तो आकडा परत हजर! कारण एकच गोष्ट, संदेश वाचला की नाही, पानावरच्या वेगवेगळ्या तुकड्यांना आपापल्या परीनं सांभाळावी लागत होती. त्यांचा इलाजही तोच होता. माहितीचा प्रवाह एकाच दिशेनं, आणि बदलाचा रस्ताही एकच.

व्ह्यूची कथा तर वाचण्यासारखी आहे. पहिल्या आवृत्तीत प्रॉप दोन्ही बाजूंनी बांधायची सोय होती. २०१६ मध्ये दुसरी आवृत्ती आली, त्यात ती काढून टाकली. लोक कुरकुरले. २०१७ मध्ये सोय परत आली, पण वेगळ्या पोटी. लिहायला पूर्वीसारखीच आटोपशीर, आत मात्र चाइल्ड एक इव्हेंट पाठवणार आणि पॅरेंट स्वतःची किंमत बदलणार. २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती व्ही-मॉडेलमध्ये मिसळली, आणि २०२३ अखेर डिफाइनमॉडेलनं लिहिणं आणखी सोपं झालं. मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. लोकांना हवी होती ती कमी लिहिण्याची सोय, दोन मालक कोणालाच नको होते. अर्ज ऑनलाइन झाला म्हणून फेरफाराची नोंद टळत नाही, तसं.

म्हणूनच स्विफ्टयूआयच्या बाइंडिंगशी माझं भांडण नाही. बाइंडिंग ही झेरॉक्स नव्हे. मालक पॅरेंटच, चाइल्डच्या हाती वाचायचा आणि लिहायचा परवाना दिला जातो इतकंच. मजकुराची चौकट, चालू-बंदचं बटण अशा अगदी टोकाच्या, बिनडोक चाइल्डला बाइंडिंग द्यावं, खुशाल द्यावं. पण तेच बाइंडिंग पाच पायऱ्या खाली पोचवलं की पाच जणांच्या हातात पेन. वजन १८ चं ९ कोणी केलं हे शोधायला मग पाचही घरं पालथी घालायची. तीच गोष्ट रिॲक्टमध्ये सेटर जसाच्या तसा खाली देण्याची. मला ती कोऱ्या कागदावर सही करून दिल्यासारखी वाटते. चाइल्डनं 'वजन बदललंय, ९ लिहिलंय' एवढं सांगावं. ९ मान्य करायचे, की ९० आले म्हणून हरकत घ्यायची, हे पॅरेंटनं ठरवावं. हरकतीची मुदत तिथेच तर असते.

आणखी एक चोरवाट आहे. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉप म्हणून अख्खा ऑब्जेक्ट दिला, तर उतारा नाही, सातबाऱ्याचं मूळ पानच हाती जातं. चाइल्डनं आतलं एखादं मूल्य परस्पर बदललं तर रिॲक्टला पत्ताही लागत नाही, पान जुनंच राहतं. व्ह्यू प्रॉपवर थेट लिहिलंत तर कन्सोलमध्ये ओरडतं, पण ऑब्जेक्टच्या पोटातला बदल तिथेही निसटतो. वही वाचायला द्या, पण पेन्सिल काढून घेऊन.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. 'तीन-चार पायऱ्या प्रॉप्स पोचवत बसायचं म्हणजे हमाली आहे, मधल्यांना त्याचं काय काम?' प्रॉप ड्रिलिंग असं जरा भीतीदायक नाव आहे त्याला. त्यावर उपाय म्हणून लोक सगळी माहिती उचलून चावडीवर नेऊन ठेवतात. रिॲक्टमध्ये काँटेक्स्ट, जो २०१८ मध्ये आजच्या रूपात आला. स्विफ्टयूआयमध्ये एन्व्हायर्नमेंट, फ्लटरमध्ये इनहेरिटेडविजेट, कंपोजमध्ये कंपोझिशनलोकल. भाषा, रंगसंगती, लॉगिन केलेली व्यक्ती या गोष्टी चावडीवरच शोभतात, कारण त्या सगळ्या गावाच्या आहेत. पण एका बाळाचं वजन? चावडीवर ठेवलेली वस्तू कोण वाचतं हे कोडकडे बघून कळेनासं होतं. चावडीवरचं काहीही बदललं की तिथे कान लावून बसलेले सगळे जागे होतात. आणि स्विफ्टयूआयमध्ये वरच्या कोणी एन्व्हायर्नमेंटऑब्जेक्ट ठेवायचा विसरला, तर ॲप चालता चालता कोसळतं. त्यापेक्षा प्रॉप्सची तीन पायऱ्यांची हमाली परवडली. ती निदान डोळ्यांना दिसते.

शिवाय बहुतेक वेळा ती हमाली टाळताही येते. मधल्या खोक्याला वजन कशाला द्यायचं? आतला तयार फॉर्मच द्या ना, 'हे तुझ्या पोटात ठेव' म्हणून. रिॲक्टमध्ये चिल्ड्रन, व्ह्यूमध्ये स्लॉट याच कामासाठी आहेत. मधल्याला आत काय आहे हे कळायची गरज उरत नाही. पोस्टमन पाकीट फोडून बघतो का?

तर आत्या, मी दिवसभर काय करते म्हणशील तर बराचसा वेळ हेच ठरवत असते, ही माहिती कोणाच्या नावावर लावायची. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण आता पानं फक्त फोटो आणि गप्पांची राहिली नाहीत. औषधाचा डोस, बँकेतली रक्कम, पेन्शनच्या हयातीचा दाखला सगळं पानावरच आलंय. तिथे दोन जागी दोन उत्तरं दिसली, तर माणूस त्यातलं जे आधी दिसेल त्यावर विश्वास ठेवतो. सिस्टर रात्रपाळीला असतात, समोर बाळ रडत असतं. पानावरचा आकडा कोणाची झेरॉक्स आहे ते तपासणं हे त्यांचं काम नव्हे. ते काम पान बनवणाऱ्याचं.

धंद्यातल्या मंडळींना एकच सुचवते. पुढच्या वेळी कोणाचा कोड तपासाल तेव्हा प्रॉपमधून स्टेट भरलेली जागा दिसली की तिथे थांबा आणि विचारा, 'मालक कोण?' उत्तर एका शब्दात आलं तर पुढे जा. 'तसे दोघंही...' अशी सुरुवात झाली, तर खुर्ची ओढून बसा.

काँटेक्स्टवाले माझ्यावर तुटून पडणार याची कल्पना आहे. या, वाट बघते. :-)